‘तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न आधी खोडा, मग फील्डवर जा

एमएच्या लघुप्रबंधासाठी मी आयुष्यातली पहिली प्रश्नावली बनवली होती, त्यात चौदावा प्रश्न असा होता: ‘ऊसतोडणीचे काम करताना आपणांस कोणती भावना जाणवते? अ) आनंद ब) दुःख क) राग ड) यापैकी नाही.’ फडात एका मावशींना विचारला. त्या मोळी आवळत होत्या, मान वर न करता म्हणल्या, ‘कंबर.’ मी म्हणलं, मावशी तसं नाही, भावना, म्हणजे मनात काय येतं. तर म्हणल्या, ‘तेच सांगायलेय की बाबा, कंबर.’ मी गुपचूप ‘ड’वर टिक केली आणि पंधराव्या प्रश्नाला गेलो.

पुढं सात-आठ वर्षांनी डोक्यात उजेड पडला की अख्ख्या प्रश्नावलीत धड उत्तर तेवढं एकच आलं होतं, आणि तेच मी ‘यापैकी नाही’त ढकललं.

सध्या मी तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतो, आणि मार्च आला की पोरं-पोरी दारात. ‘सर, भावना आणि शरीर यावर करायचंय, थिअरी कोणती लावू?’ लावू! जसं काही भिंतीला चुना लावायचाय. नेट-सेटच्या गाईडांनी ही सवय लावली, हॅबिटस (म्हणजे समाजानं अंगात मुरवलेली वळणं) कोणाचा, चार पर्याय, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूवर टिक, संपला विषय. तर दरवर्षी तेच तेच बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. बीड, लातूर, धाराशिव, परभणी कुठंही फील्डवर्क करत असाल तर उपयोगी पडेल, बाकीच्यांनी आपापल्या गावच्या हिशोबानं बदलून घ्यावं.

आधी प्रश्नावली. ‘काय वाटतं’ विचारलं की माणूस तुमच्या हातातला कागद बघतो, त्याला वाटतं एखादी योजना आलीय, मग तो ‘बरं वाटतंय साहेब’ नाहीतर ‘लई हाल आहेत साहेब’ यातलं जे फायद्याचं दिसेल ते सांगतो. त्याची चूक नाही, आपणही तेच केलं असतं. त्यापेक्षा अंगाचं विचारा. पहाटे उठल्यावर पहिले काय दुखतं? मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना नजर कुठं असते? मुकादमाचा फोन आला की घास उतरतो का? अशा प्रश्नाला माणूस थांबून, आठवून सांगतो, आणि त्यातच भीती, लाज, राग सगळं आपसूक येतं, तुम्हाला नाव घ्यावं लागत नाही.

यात आपल्याला भाषेची मोठी मदत आहे. पाश्चात्य तत्त्वज्ञानात सतराव्या शतकात देकार्तनं मन एका खोलीत आणि शरीर दुसऱ्या खोलीत टाकलं आणि पुढची तीनशे वर्षं लोक मधली भिंत पाडत बसले. मराठीत ती भिंत कधी नीट बांधलीच गेली नाही. पोटात गोळा येतो, काळजात चर्र होतं, हातपाय गळतात, तळपायाची आग मस्तकात जाते, लेकरासाठी आतडं तुटतं. नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव काढून बघा: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे घाम सुटणं, काटा येणं, आवाज फुटणं, कापरं भरणं, रंग उडणं. सगळं अंगावर दिसणारं, आणि नाव मात्र ‘भाव’. पण म्हणून लगेच ‘आपल्याकडं हे सगळं आधीच होतं’ असा धडा लिहायला बसू नका. तिथं विचार नटाचा आणि प्रेक्षकाचा आहे, घाम कोणाचा आणि त्याचा पैसा कोणाला हा प्रश्न तिथं नाही, तो आपल्याला विचारायचाय.

तर फील्डवर जायच्या आधी पंधरा दिवस एक काम करा, गावात लोक भावनेसाठी अंगाचे कोणते शब्द वापरतात त्याची यादी काढा. पारावर, पिठाच्या गिरणीत, एसटीत बसून नुसतं ऐका. आणि ‘पोटात कालवाकालव होते’ याचं वहीत ‘चिंता’ करू नका, जसं ऐकलं तसंच लिहा. नवे शब्दही घ्या. आता सगळ्यात जास्त चालणारा शब्द ‘टेन्शन’, त्याच्या खालोखाल ‘बीपी’ आणि ‘शुगर’. एक आजोबा मला म्हणले, सोयाबीनचा भाव पडला तवापासून शुगर हाय. डॉक्टर याला हसतील, आपण हसायचं नाही, कारण भाव आणि शुगर एका वाक्यात बसवणारा माणूस आपल्या विषयाचं कामच करून देतोय. फक्त पुढचा प्रश्न विचारा: टेन्शन येतं म्हणजे कुठं येतं, रात्री का दिवसा, बायकोला पण येतं का?

आता वही. बहुतेक वह्यांत मला असलं वाक्य दिसतं: ‘महिला दुःखी व चिंताग्रस्त दिसत होत्या.’ हे वाक्य फाडून टाका. त्याच्या जागी असं लिहा: ‘सकाळी ६:१०. मुकादमाची मोटारसायकल आली. वाकलेल्या तिघींचा कोयता जोरात चालायला लागला, एकीनं पदराचं टोक दातात धरलं. पुरुष सरळ उभे राहिले, एकानं तंबाखू काढून पुढं केली. तो गेल्यावर पाचेक मिनिटं कोणी बोललं नाही, मग एकीनं त्याच्या चालण्याची नक्कल केली आणि सगळ्या हसल्या.’ बघा यात किती आलं. कोण वाकलेलं राहतं, कोण उभं राहू शकतं, तंबाखूनं ओळख कशी टिकते, हसू कधी आणि कोणाच्या पाठीमागं येतं. ‘दुःखी’ या एका शब्दात हे सगळं गिळलं गेलं होतं.

समोरच्या पानावर स्वतःचं अंग लिहा. मला स्वतःला हे लिहायला लई लाज वाटायची. माझ्या वहीत एक नोंद आहे: ‘मुकादम दिसल्यावर मी आपोआप नमस्कार केला, माझी पाठ वाकली. खुर्ची फक्त मला मिळाली आणि मी बसलो.’ तो माझ्या मामाच्या ओळखीतला होता, म्हणून खुर्ची. ज्या बायकांवर मी प्रबंध लिहीत होतो त्या खाली पाचटावर, आणि माझ्या चेहऱ्याच्या बरोबर खाली त्यांचे डोळे. नंतर मुलाखती थंड का झाल्या ते मी दोन महिने शोधत होतो, उत्तर त्या खुर्चीत होतं. माझ्या गाईडनी ते पान लाल पेनानं काटलं, बाजूला लिहिलं ‘व्यक्तिनिष्ठ’. मी काढलं पण, कारण सही पाहिजे होती. तुम्ही काढू नका, निदान परिशिष्टात तरी ठेवा.

शरीर म्हणजे नुसतं दुखणं नाही हेही लक्षात घ्या, शरीर शिकलेलं असतं. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९३४ साली ‘शरीराची तंत्रं’ या विषयावर व्याख्यान दिलं, त्यात पहिल्या महायुद्धातली फावड्यांची गोष्ट आहे. इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावडं चालवता येईना, फ्रेंच तुकडीच्या जागी इंग्रज तुकडी आली की एकेका डिव्हिजनमागं आठ हजार फावडी बदलावी लागायची. हात दोघांनाही दोनच, पण हाताला वळण लावणारा समाज वेगळा. आता हे वाचून फडात जा. ऊस बुडातून, जमिनीला घासून तोडायचा, एका घावात, मग वाढं उडवायचं, पाला सोलायचा, बारक्या पोरी हे बघत बघत मोठ्या होतात आणि बारा-तेराव्या वर्षी हात बसतो. मी एक सकाळ कोयता घेऊन बघितला, अर्ध्या तासात तळहाताला फोड, आणि सगळ्यात जास्त हसू माझ्या वाकण्याला आलं, मी गुडघ्यात वाकत होतो, त्या कमरेत वाकतात. तेव्हा कुठं ‘कंबर’ हे उत्तर मला जरा कळलं. लोईक वॅकँ नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ शिकागोच्या बॉक्सिंग जिममध्ये तीनेक वर्षं ठोसे खात शिकला, त्याचं म्हणणं तेच, काही गोष्टी अंगातून गेल्याशिवाय कळत नाहीत. पण एक सांगतो, एका दिवसाच्या फोडावर ‘मी त्यांचे जीवन जगलो’ असलं काही लिहू नका, तुमच्या फोडाला सुट्टी असते.

जात्याची गोष्टही इथलीच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बायकांनी सासर, भाऊ, मेलेली आई, न बोलता येणारं सगळं त्यात घातलंय. मी माझ्या आजीला खुर्चीवर बसवून मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून म्हणलं म्हण, तिला दोन ओळींच्या पुढं आठवेना. मग अडगळीतलं जातं बाहेर काढलं, खुंटा हातात दिला, मूठभर ज्वारी टाकली, आणि ती अर्धा तास थांबली नाही. म्हणजे दुःख तिच्या डोक्यात साठवलेलं नव्हतं, ते हाताच्या फिरण्यात होतं. तेव्हा मुलाखत शक्यतो काम चालू असताना घ्या. खुर्चीवरची मुलाखत अर्धी असते.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, भावनांचे नियम. आपल्याला वाटतं रडू आपोआप येतं. मयतीला जाऊन बघा. बाहेरगावची लेक वेशीत गाडीतून उतरते, तोवर ती नीट बोलत असते, मोबाईलवर ‘आलोच पाच मिनिटात’ सांगत असते, आणि वाड्याच्या दाराशी आली की हंबरडा, त्यात सूर असतो, शब्द असतात, गेलेल्या माणसाचे गुण असतात, मधेच दिरानं शेवटच्या आजारपणात पैसे दिले नाहीत हेही बरोबर येतं. मग कोणीतरी म्हातारी ‘बास माय, आता बास’ म्हणते आणि ते थांबतं. हे नाटक आहे का? अजिबात नाही, आणि इथंच पोरं घसरतात, एक तर ‘ढोंगी प्रथा’ लिहितात नाहीतर ‘निरागस ग्रामीण भावना’. मॉसनं १९२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अंत्यविधींवर लिहिताना म्हणलं की भावना व्यक्त करणं हे तिथं बंधन असतं, आणि बंधन असलं म्हणून ती खोटी ठरत नाही. त्याचा मामा, समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइमही १९१२ च्या धर्मावरच्या पुस्तकात तेच म्हणतो, शोक हे समूहानं घातलेलं कर्तव्य आहे. तुम्ही फक्त नोंद करा: कोणी रडायचं, किती वेळ, कोणाच्या गळ्यात पडून, पुरुषानं कुठं उभं राहायचं, आणि नाही रडली तर काय होतं. पाठवणीला न रडलेल्या नवरीबद्दल गाव पुढं सहा महिने काय बोलतं ते ऐका, नियम आपोआप कळेल.

याच नियमांवर पगार मिळायला लागला की काय होतं ते आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईनं दाखवलं. १९८३ च्या पुस्तकात तिनं अमेरिकेतल्या हवाई सुंदऱ्या घेतल्या ज्यांना हसण्याचे पैसे मिळतात, आणि थकबाकी वसूल करणारे घेतले ज्यांना दमात घेण्याचे पैसे मिळतात. तिनं याला भावनिक श्रम म्हणलं. आता यासाठी विमान शोधत बसू नका. तुमच्या गावात आशाताई आहे, मायक्रोफायनान्सचा हप्ता गोळा करणारा पोरगा आहे. तो पोरगा तुमच्यासारखाच बीए झालेला असतो, आठवड्याच्या मीटिंगला बायकांसमोर आवाज चढवावा लागतो आणि त्यातली एक त्याची चुलती असते. त्याच्याशी बोला, चहा पाजा, तो आवाज कुठून काढतो आणि घरी गेल्यावर त्या आवाजाचं काय करतो ते विचारा. अख्खा लघुप्रबंध आहे त्यात, कोणी केला तर मला वाचायला द्या.

आणि आता लग्नाचं, म्हणजे पोरांच्या लग्नाचं. बोर्द्यू वाचताना सगळे हॅबिटसची व्याख्या पाठ करतात, त्याचं बेआर्नवरचं काम कोणी वाचत नाही. बेआर्न म्हणजे फ्रान्सच्या नैऋत्य भागातला त्याचा स्वतःचा मुलूख. १९६२ मध्ये त्यानं तिथल्या लग्नं न झालेल्या शेतकऱ्यांवर लिहिलं. नाताळचा नाच चालू आहे, शहरातली पोरं आणि गावातल्या पोरी नाचतायत, आणि कडेला तिशी-चाळिशीतले शेतकरी उभे, बघतायत, नाचत नाहीत. वावर त्यांच्याच नावावर, थोरले वारसदार, पण पोरींना शहरातला नवरा पाहिजे. आणि त्यांचं अंग, चाल, उभं राहणं, सगळं पोरींना ‘गावठी’ दिसतं, आणि त्यांना स्वतःलाही ते तसंच वाटायला लागतं, म्हणून अंग आणखी आखडतं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं हा माणूस आमच्या तालुक्यात कधी येऊन गेला? पाच एकर बागायत, पोरगा निर्व्यसनी, आणि बायोडाटा परत येतो कारण ‘शेती करतो’. पुण्यात बारा हजारावर कंपनीत असलेला चालतो. बघायच्या कार्यक्रमात असा पोरगा बसलेला बघा, नवा शर्ट, घडीच्या रेषा तशाच, प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या कडेवर टेकलेला, पोह्याची बशी धरलेले हात शक्य तितके खाली. त्या हातांबद्दल लिहा. बाजारभाव, जमिनीचे तुकडे, पोरींचं शिक्षण, हे सगळं त्या हातापाशी येऊन थांबतं. फक्त पोरीची बाजू सोडू नका हं, तिला शेतातलं काम नको म्हणजे ती चढेल झाली असं लिहिणारे प्रबंध मी बघितलेत. तिनं आईची पाठ बघितलेली असते.

जातीबद्दल लिहिताना तर अंग सोडून चालतच नाही, अस्पृश्यता या शब्दातच स्पर्श आहे. आणि कसं लिहायचं हे शिकायला लांब जायची गरज नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसोबत वेरूळ बघायला निघाले, वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवासानं अंगावर धूळ, दाराशी हौद भरलेला, काहींनी तोंड-हातपाय धुतले. मागून एक म्हातारा ओरडत आला की यांनी पाणी बाटवलं, गर्दी जमली, शिव्या झाल्या, शेवटी आत जायला मिळालं ते हत्यारी शिपाई सोबत देऊन, कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून. त्यांच्या आठवणींच्या टिपणांत हा प्रसंग आहे. तो हातात पेन्सिल घेऊन वाचा. धूळ, पाणी, पाय, हौद, कोण धावत आलं, मग कोण जमलं, असं एकेक येतं. ‘अपमान’ या शब्दाच्या भरवशावर मजकूर उभा नाही, म्हणून तो अंगावर येतो. आपल्या विद्यापीठात शिकून, वेरूळची सहल करून, हा प्रसंग न वाचता एमए होणारे दरवर्षी निघतात.

सगळ्यात अवघड आता. बीड जिल्हा म्हणलं की बाहेरचे लोक पिशवीचं विचारतात. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. हा आकडा प्रत्येकजण पहिल्या पानावर टाकतो आणि पुढं ‘अज्ञान’ लिहून मोकळा होतो. तुम्ही असं जुळवून बघा: नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, म्हणजे माणूस मोजायचं मापच हत्यार. उचल आधीच घेऊन खर्च झालेली. पाळीत, दुखण्यात घरी बसलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जाणार. फडात ना संडास ना आडोसा, कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, पाणी लांबून आणायचं. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते. यात भीती कुठं संपते आणि हिशोब कुठं सुरू होतो, दाखवा बघू वेगळं करून? होत नाही. भावना, शरीर आणि पैसा एकाच धाग्यात कसे ओवलेले असतात हे सांगायला यापेक्षा जड उदाहरण माझ्याकडं नाही. मार्क्सही नुसतं भांडवल-भांडवल करत नव्हता, ‘भांडवल’च्या १८६७ च्या पहिल्या खंडात त्यानं लंडनच्या मेरी अॅन वॉकली या वीस वर्षांच्या शिवणकाम करणाऱ्या मुलीबद्दल लिहिलंय, साडेसव्वीस तास सलग काम करून १८६३ मध्ये मेलेली, कोंदट खोलीत तीसजणी. थिअरीचा पाया असाच रचलाय, अंग बघून.

पण म्हणून उठून कोणाला पिशवीबद्दल विचारायला जाऊ नका. या बायकांना पत्रकारांनी, संस्थावाल्यांनी, आमच्यासारख्यांनी इतक्यांदा विचारलंय की एकीनं मला दारातच सांगितलं, ‘टाके दाखवू का?’ मी परत फिरलो. तो विषय त्यांनी काढला तर ऐका, रडू आलं तर रेकॉर्डर बंद करा, आणि ‘मुलाखत देताना उत्तरदात्री भावुक झाली’ हे वाक्य गुण वाढवायला वापरू नका. पोरांनी तर हा विषय एकट्यानं घेऊच नये असं माझं मत आहे, वर्गातल्या एखाद्या पोरीसोबत जोडीनं करा आणि त्या वेळी तुम्ही बाहेर लेकरं सांभाळा, त्यातूनही बरंच कळतं.

व्हायवात एक प्रश्न हमखास येतो, ‘हे तर मानसशास्त्र झालं, यात समाजशास्त्र कुठंय?’ घाबरू नका. सांगा की सर, फड वेगळे, टोळ्या वेगळ्या, माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, तरी मोटारसायकलचा आवाज आला की सगळ्यांची मान सारखीच खाली जाते, हे एकट्याच्या मनातलं कसं असेल? मग वहीतल्या तीन नोंदी तारखेसकट वाचून दाखवा. वाद घालत बसू नका, त्यांनाही जेवायला जायचं असतं.

आणि एक, नोंदी त्याच रात्री उतरवा. रेकॉर्डरमध्ये आवाज येतो, दातात धरलेला पदर येत नाही. कंटाळा आला तर घरी परतताना मोटारसायकल बाजूला लावून मोबाईलवर स्वतःशीच बोला आणि सकाळी लिहा. शेवटी प्रूफ बघायला कोणाकडं द्याल त्यालाही आधी बजावून ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीनं मराठीच्या एका ओळखीच्या माणसाकडं प्रबंध दिला, त्यानं चांगल्या मनानं सगळी बोली ‘शुद्ध’ करून टाकली, ‘पोटात कालवाकालव होते’चं ‘अस्वस्थता जाणवते’ झालं, आणि ‘कंबर’सारख्या एका उत्तरापुढं कंसात ‘अपूर्ण वाक्य’. बेचाळीस पानं परत छापावी लागली आणि बायंडिंगवाल्याकडं वर आठ दिवस गेले.